चंदनाचा जुना नंबर

नजरबाद, म्हैसूर
१४ मे २०२४

प्रिय रजनी,

फोन कानाला लावला की तुझ्या ऐकायच्या यंत्रात शिट्टी वाजते, हे एका परीने बरंच झालं. नाहीतर आपण दोघं आते-मामेभावंडं कधीच फोनवर आलो असतो आणि माझं मराठी लिहिणं पार सुटलं असतं. आमच्याकडे घरात सगळे मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की आमचा लेक शरतसुद्धा कन्नड अक्षरं काढतो. मी तेवढा तुझ्यामुळे वाचलो.

मोठी बातमी म्हणजे तुझा रणूदादा आधुनिक झाला. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, शरतने बायकोला नवा फोन घेतला, नव्या नंबरचा. चंदनाचा जुना फोन नंबरासकट माझ्याकडे आला. पहिले काही दिवस त्यात कर्जं आणि लॉटऱ्या येत होत्या. आता रोज सकाळी दवाखान्याचा मेसेज येतो! दोन वर्षांपूर्वी त्या दवाखान्याने आमच्या गल्लीत फुकट तपासणी ठेवली होती, तिथे मी ब्लड प्रेशर दाखवलं होतं आणि घरचा नंबर म्हणून चंदनाचाच दिला होता. बघ, अजून आठवण ठेवलीय माणसांनी.

काय काय सांगतात म्हणून सांगू! रोज हिरवी पालेभाजी खा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. जड उचलू नका. रात्री डाव्या कुशीवर झोपा. मग विचारतात, ‘आज गोळी घेतली? घेतली असल्यास १ पाठवा.’ मी प्रेशरची गोळी घेतो आणि एक पाठवतो. लगेच फुलाचं चित्र येतं. कचेरीत जन्म गेला, एका साहेबाने कधी फूल दिलं नाही. लोहाच्या गोळ्या घरात नव्हत्या, त्या मी दुकानातून आणल्या.

हे सगळं मी तिंडीच्या, म्हणजे सकाळच्या नाश्त्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतो. तुझी जयावहिनी हसते. परवा डाव्या कुशीचं वाचलं तेव्हा चंदनाच्या हातातला चमचाच खाली पडला. मी म्हटलं, ‘घाबरू नकोस पोरी, म्हाताऱ्यांसाठी आहे.’

तुझा,
रणूदादा

*

मिरज
२३ मे २०२४

रणूदादा, नमस्कार.

आधी एक सांग, पोट साफ होतंय का? लोहाच्या गोळ्या मनाने आणून खाणारा माणूस मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिला आणि त्याला पुढे काय होतं तेही पाहिलं. त्या गोळ्या आजच्या आज बंद कर. प्रेशरची चालू ठेव.

आता दुसरं. मी सगळा जन्म दवाखान्यात काढला. प्रेशरच्या म्हाताऱ्याला डाव्या कुशीवर झोपायला आणि जड न उचलायला सांगणारा डॉक्टर मला भेटला नाही. म्हैसूरच्या डॉक्टरांचं शास्त्र वेगळं असेल तर देव जाणे. तू एक काम कर. पुढचे मेसेज मला जसेच्या तसे उतरवून पाठव, तुझी मीठमिरची न लावता. वर नाव कोणाचं असतं तेही लिही.

चंदना कशी आहे? शाळेत शिकवायला पुन्हा जाते का? गेल्या वर्षानंतर तिने मला एकही ओळ लिहिली नाही. जयावहिनींना नमस्कार सांग.

रजनी

*

नजरबाद, म्हैसूर
२६ जून २०२४

प्रिय रजनी,

हे पत्र तू एकटीने वाच आणि वाचून फाडून टाक.

तू म्हणालीस म्हणून मी मेसेज उतरवायला बसलो होतो. नाव कुठेच नसतं, नुसतं ‘नमस्कार’. ते ठेवू बाजूला. गेल्या आठवड्यात असा मेसेज आला: ‘मंगळवारी सकाळी दहा वाजता स्कॅनिंगला या. येण्यापूर्वी चार ग्लास पाणी प्या. लघवीला जाऊ नका.’ या वयात पुरुषाला हे तपासतात, मला ठाऊक आहे. आमच्या कचेरीतले दामोदरराव प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले, त्यांचं असंच सुरू झालं होतं. जयाला काही बोललो नाही. काल पाणी पिऊन, रिक्षाचे धक्के सोसत तिथे पोचलो. वाटेत किती खड्डे आहेत ते मला काल कळलं.

काउंटरवरच्या मुलीला फोन दाखवला. तिने नंबर घातला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे. तिचा चेहरा लालबुंद. म्हणाली, ‘सर, हा नंबर तुमचा आहे?’ मी म्हटलं, ‘मग कोणाचा?’ मी जरा आवाज चढवला, पाणी चार ग्लास होतं पोटात. ती हळूच म्हणाली, ‘सॉरी सर, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. घरच्या कोणाला तरी पाठवा, त्यांच्याशी बोलते.’

रजनी, घरच्यांना कधी बोलावतात हे मी तुला काय सांगू? तू तर परिचारिका. तूच कितीजणांच्या घरच्यांना बाजूला घेऊन बोलली असशील.

मी कोणाला पाठवलं नाही. कोणाला पाठवू? शरत पिरियापट्टणच्या बँकेत असतो, रोज तिकडे जाऊन येतो तोच दमून. चंदना गेल्या वर्षापासून अशी गप्प गप्प. आणि जयाला कळलं तर ती माझ्याआधी जाईल. तेव्हा मी ठरवलं आहे की हसतमुख राहायचं. मेसेज रोज वाचून दाखवतो, एक पाठवतो. कालपासून त्या फुलाकडे बघवत नाही.

माझा रेडिओ तू घे. शरतला त्याची किंमत नाही. आजचा मेसेज तू मागितलास म्हणून देतो: ‘पायाला पेटके येत असतील तर कॅल्शियमची गोळी चुकवू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का?’ मरणाऱ्याला धनुर्वाताचं इंजेक्शन कशाला देतात, तेवढं मात्र मला समजलं नाही.

रणूदादा

*

मिरज
२ जुलै २०२४

रणूदादा,

स्पीड पोस्टाने पाठवते आहे. पत्र फाडलं नाही, जपून ठेवलं आहे. दर दिवाळीला काढून वाचणार आहे.

रेडिओ तुझ्याजवळच ठेव. तुला काहीही झालेलं नाही. तू आजोबा होणार आहेस.

आता खाली बस आणि नीट वाच. हिरवी भाजी, लोह, कॅल्शियम, डावी कूस, धनुर्वात, पोटाचं स्कॅनिंग, हे सगळं गरोदर बाईला सांगतात. एकाच फोनवर घरातले चार जण असतात, म्हणून हल्ली मेसेजात नाव घालत नाहीत आणि बाळ हा शब्दही घालत नाहीत. बाईने स्वतः सांगेपर्यंत कोणाला कळू नये म्हणून ही काळजी. गेल्या वर्षी चंदनाने दवाखान्यात आपला नंबर दिला असेल. तिच्या कागदांवर अजून तोच आहे आणि तो नंबर आता तुझ्या खिशात आहे. ती काउंटरवरची मुलगी बरोबर वागली. तिने सांगितलं असतं तर मी तिच्या साहेबांना पत्र लिहिलं असतं.

तुला का सांगितलं नाही, हे विचारू नकोस. गेल्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा दुसऱ्याच महिन्यात तू मिरजेला कुरियरने म्हैसूरपाक पाठवलास. मंडी मोहल्ल्यात तुझ्या ओळखीचा एक दुकानदार असा राहिला नसेल ज्याला तू थांबवून सांगितलं नाहीस. आणि पुढच्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा तेच सगळे दारात आले हळहळ करायला. त्या पोरीने प्रत्येकाला चहा करून दिला. जयावहिनींनी मला लिहिलं होतं. तू आनंदाने सांगितलंस हे मला माहीत आहे, दादा. पण भोगलं तिने.

म्हणून या वेळी तिने तोंड मिटलं आहे. जयावहिनींना नक्की माहीत असणार. तू त्यांनाही विचारायचं नाहीस. शरतलाही नाही, तो संध्याकाळी जाऊन तिला सांगेल. ती स्वतः सांगेल तेव्हाच तुला कळलं, असं धर. झेपेल?

खरं म्हणजे नंबर बदलायला हवा. पण त्यासाठी तुला कळलंय हे तिला कळावं लागेल. तोवर पोस्टमन तूच. रोज वाचतोस तसंच मोठ्याने वाच, स्वतःसाठी असल्यासारखं. एकही मेसेज गाळू नकोस. आणि तो एक आंधळेपणाने दाबू नकोस. तिकडे समजतात की तिची गोळी पोटात गेली. आधी गेली का ते बघ, मग दाब.

रजनी

*

नजरबाद, म्हैसूर
२१ जुलै २०२४

प्रिय रजनी,

पत्र पोस्टमनने दारात दिलं आणि मी तिथेच चपलांच्या शेजारी बसून वाचलं. जया आतून विचारते, ‘कोणाचं?’ मी म्हटलं, ‘वीजबिल.’ वीजबिल वाचून डोळे पुसणारा नवरा तिने प्रथमच पाहिला असेल.

मग मला इतका आनंद झाला की चप्पल घालून निघालोसुद्धा. कोपऱ्यावर अरुणचं पानाचं दुकान आहे, तिथे पोचलो, तोंड उघडलं, आणि तुझं ते वाक्य आठवलं. भोगलं तिने. अरुण म्हणाला, ‘एन स्वामी?’ काय साहेब? मी म्हटलं, ‘एनू इल्ला.’ काही नाही. दोन केळी घेऊन परत आलो. रजनी, माझ्या आयुष्यात ‘काही नाही’ म्हणायला मी प्रथमच दुकानात गेलो.

आता माझी नोकरी ऐक. सकाळी मेसेज येतो. मी चष्मा लावतो, घसा साफ करतो. ‘लिंबू, आवळा खा म्हणजे लोह अंगी लागतं, असं म्हणतात मला.’ मग माझ्यासाठी म्हणून लिंबाचं सरबत करतो आणि सगळ्यांना देतो, कारण एकट्याने पिणं बरं दिसत नाही. चंदना सरबत घेऊन खोलीत जाते आणि गोळीच्या पाकिटाचा कडकन आवाज येतो. तो ऐकला की मी एक दाबतो. फूल येतं. ते फूल आता तिचं आहे असं मी मनात म्हणतो.

देवराज मार्केटातून रोज नुग्गे सोप्पु आणतो. शेवग्याचा पाला गं. भाजीवाली म्हणाली, ‘घरात बाळंतीण आहे का?’ मी म्हटलं, ‘मीच.’

संध्याकाळी मला चालायला सांगितलं आहे, एकट्याला भीती वाटते, असं म्हणून चंदनाला बरोबर नेतो. झाडं बघत एक फेरी मारतो. काल येताना माझ्या हातातली पिशवी तिने घेतली. मी म्हटलं, ‘नको, जड उचलायचं नाही.’ ती म्हणाली, ‘तुम्ही नाही उचलायचं आप्पा, मेसेज तुम्हाला आलाय.’ आता काय करणार! पिशवीत एक पपई होती. ती मी तिथेच गाईला घातली.

सर्वांत कठीण आहे ती शेजारची वनजाम्मा. काल कंपाउंडवरून म्हणाली, ‘सोसे मुख तुंबा कळेयागिदे, एन विशेष?’ सुनेच्या चेहऱ्यावर तेज आलंय, काय विशेष? मी म्हटलं, ‘ग्यास्ट्रिक.’ तिने मला ओव्याचा काढा आणून दिला. तो सुनेला देता येईना, म्हणून मी प्यालो.

जया माझ्याकडे संशयाने बघते. बघू दे. इतकी वर्षं संसार करून तिने मला एक शब्द सांगितला नाही, मी का सांगू?

तुझा कुलूपबंद,
रणूदादा

*

मिरज
९ ऑगस्ट २०२४

दादा,

पपई गाईला घातलीस, ठीक. पण पिकलेली पपई खाल्ली म्हणून काही होत नाही. पुढच्या वेळी निदान आपण तरी खा.

तुझं पत्र वाचून हसता हसता यंत्र कानातून पडलं. मी तुला झेपेल का विचारलं तेव्हा मला खात्री नव्हती, हे आता सांगते. शाबास.

आता हसणं बाजूला ठेवून वाच. सातव्या महिन्यानंतर एक मेसेज येईल. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे काजवे येणं, चेहरा नि हात सुजणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं. यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. या दुखण्यात बाईचं प्रेशर एकदम वाढतं. आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. मी अशा बायका पाहिल्या आहेत, ज्यांच्या घरच्यांना वाटलं की झोप झाली की बरं वाटेल. चंदना सोसणारी आहे. ती सांगणार नाही, तुलाच बघावं लागेल. तिचे हात बघत जा.

आणि ते दिसलं की त्या क्षणी नाटक बंद. कोणाला काय माहीत, कोणी काय लपवलं, ते सगळं गुंडाळून ठेव आणि तिला घेऊन नीघ.

रजनी

*

नजरबाद, म्हैसूर
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय रजनी,

तो मेसेज आला. दोनदा वाचला. जया म्हणाली, ‘ऐकलं हो, एकदा पुरे.’ मी तिसऱ्यांदा वाचला. मग म्हटलं, ‘मला असं काही झालं तर कोणीही मला विचारत बसू नका, उचलून न्या. आणि दुसऱ्या कोणाला झालं तर त्यानेही लपवू नये.’ चंदना ताटातल्या डोशाकडे बघत म्हणाली, ‘आयतु आप्पा.’ बरं आप्पा.

एव्हाना तिला बघून आंधळ्यालाही कळेल. पण घरात कोणी शब्द काढत नाही. ती मोठी ओढणी घेते, आम्ही सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलतो. जयाला डोहाळजेवण करायचं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसतं. तिने न बोलता चंदनाच्या आवडीचं एकेक करून रोज वाढायला सुरुवात केली आहे. रोज तेच आंबट-गोड जेवून माझ्या पोटाची लोहाच्या गोळ्यांच्या वेळेसारखी तक्रार पुन्हा सुरू झाली आहे.

मी हात बघतो. अजून बारीक आहेत. बांगड्या सैल आहेत.

भीती वाटते गं. आधी मला माझं मरण वाटलं होतं तेव्हा एवढी वाटली नव्हती.

रणूदादा

*

दवाखाना, म्हैसूर
१३ ऑक्टोबर २०२४

रजनी,

आधी हे वाच: दोघी सुखरूप आहेत. मुलगी झाली. दिवसांच्या आधी आली, लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. चंदनाचं प्रेशर उतरतंय. आता बाकीचं सांगतो.

काल दसरा. शरत पिरियापट्टणला बँकेतल्या पूजेला गेला होता, दुपारपर्यंत येणार होता. सकाळी मी मेसेज वाचला, साधाच होता, पाणी प्या. चंदनाने सरबत घेतलं नाही. नंतर मी मोरीकडे गेलो तर ती बोटाला साबण चोळत उभी. अंगठी निघत नव्हती. बोट सुजून लाल झालं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. डोळे सुजलेले. मी विचारलं, ‘डोकं दुखतंय?’ ती म्हणाली, ‘थोडं, कालपासून.’

रजनी, तेव्हा मला तुझं एक वाक्यही आठवलं नाही. मी एवढंच म्हटलं, ‘चंदना, चप्पल घाल. बाळाला आणि तुला दवाखान्यात न्यायचंय.’ बाळ हा शब्द त्या घरात प्रथम मी उच्चारला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग चप्पल घातली. जया पदराला हात पुसत आली, तिनेही चप्पल घातली.

रिक्षा मिळाली, पण जंबू सवारीसाठी, म्हणजे दसऱ्याच्या हत्तीच्या मिरवणुकीसाठी, राजवाड्याच्या बाजूचे सगळे रस्ते बंद. जिकडे तिकडे लोखंडी अडथळे आणि माणसंच माणसं, लोक सकाळपासून जागा धरून बसलेले. रिक्षावाला म्हणाला, ‘आगल्ला स्वामी, जमायचं नाही, मोठा वळसा घ्यावा लागेल.’ वळशाला वेळ कोणाकडे होता? मी खाली उतरलो आणि ओरडलो. या आवाजाचं मी आजवर काय केलं माहीत नाही, काल सगळा वापरला. ‘दारि बिडि! नम्म सोसे बसुरी! दारि बिडि!’ वाट द्या, आमची सून गरोदर आहे. लोक पोरांना उचलून बाजूला झाले. पोलिसातली एक बाई धावत आली, आत चंदनाला बघितलं आणि स्वतः अडथळा सरकवला. पुढच्या चौकापर्यंत ती रिक्षाच्या पुढे पळत होती, मी मागे ओरडत. निम्म्या म्हैसूरला मी सांगितलं. त्यात ओळखीचं कोणीही नव्हतं, तेव्हा गुपित फुटलं असं धरू नकोस.

पुढच्या चौकात मी पुन्हा रिक्षात बसलो. जयाने विचारलं, ‘तुम्हाला कधीपासून माहीत?’ मी म्हटलं, ‘जुलैपासून.’ ‘आणि कोणाला सांगितलं नाही?’ ‘रजनीला माहीत होतं, तिनेच सांगितलं.’ जयाने माझा हात घट्ट धरला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. आमच्या लग्नात भटजींनी धरायला लावला होता, त्यानंतर चारचौघांत हे प्रथमच.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर मी काही सांगू शकले नसते. काल दिवसभर इंजेक्शनं दिली, आज सकाळी ऑपरेशन केलं. शरत चालत, पळत कसा पोचला देव जाणे. तो आता काचेला नाक लावून उभा आहे.

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ओठ शिवल्यासारखे गच्च धरले आहेत. चंदना घरी येईपर्यंत एक अक्षर नाही. शरत तुला फोनवरून फोटो पाठवेल, तो तेवढा तुझा हक्क.

रणूदादा

*

मिरज
१७ ऑक्टोबर २०२४

दादा,

फोटो पाहिला. नाक तुझं आहे, बिचारीला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागेल. 

आज मी काही लिहू शकत नाही. आयुष्यभर मी दारात उभी राहून लोकांना सांगत आले, ‘थोडं आधी आणायला हवं होतं.’ माझ्या दादाने वेळेवर आणलं. मी देवापुढे साखर ठेवली आणि बसून रडले, मोठ्याने. मला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने ते शेजाऱ्यांना विचारावं लागेल.

चंदनाला हळूच सांग की मला लिहायची घाई नाही, बरं वाटेल तेव्हा लिही.

रजनी

*

नजरबाद, म्हैसूर
२८ ऑक्टोबर २०२४

रजनी आत्या,

मी चंदना. मला मराठी लिहायला फार येत नाही. अक्षर शाळेतल्या हिंदीचं आहे, शब्द घरातले. चुकलं तर हसा, पण आप्पांना दाखवू नका, ते दुरुस्त करतील.

काल आम्ही घरी आलो. बाळ बरी आहे. दूध पिते आणि झोपते.

तुम्हाला एक सांगायचं आहे. आप्पांना वाटतं की त्यांनी माझ्यापासून लपवलं. मी त्यांना तसंच वाटू दिलं. पण मला सुरुवातीपासून माहीत होतं. डाव्या कुशीचा मेसेज त्यांनी वाचला तेव्हाच मला कळलं की माझे मेसेज त्यांना जातात. मी खूप घाबरले. वाटलं, आता सगळ्या नजरबादला कळणार. स्कॅनिंगच्या दिवशी नंबर बदलायचा ठरवलं होतं. मी आत पाणी पिऊन बसले होते आणि बाहेर आप्पांचा आवाज आला. ते काउंटरवर भांडत होते, त्यांना स्कॅनिंग करून पाहिजे म्हणून. मला हसू आवरेना, आणि पोटात चार ग्लास पाणी. नर्स ओरडली.

नंतर काउंटरवरच्या अक्काने मला विचारलं, ‘नंबर एका आजोबांकडे आहे, बदलू का?’ मी हो म्हणणार होते. मग विचार केला. गेल्या वेळी रोज सगळे विचारायचे, कसं आहे, काय वाटतं, उलटी झाली का. मग सगळं गेलं, तरी विचारायचे. या वेळी कोणी काही विचारत नव्हतं. आप्पा फक्त सकाळी वाचत होते. मला सगळं कळत होतं आणि उत्तर कोणाला द्यावं लागत नव्हतं. मी म्हटलं, ‘राहू दे तोच नंबर.’

पण त्यांना स्वतःला काही मोठं दुखणं झालंय असं वाटत होतं, हे मला माहीत नव्हतं. ते अत्तेंनी, म्हणजे सासूबाईंनी, आता सांगितलं. मला फार वाईट वाटलं. माहीत असतं तर मी त्याच दिवशी बोलले असते.

जुलैमध्ये एक दिवस सरबत आलं. दुसऱ्या दिवशी पण. मग नुग्गे सोप्पु रोज. मी ओळखलं की आता त्यांना कळलं. मी रोज वाट बघायचे की आज बाहेर जाऊन सांगतील. संध्याकाळी फिरताना त्यांचे मित्र भेटायचे, रघुनाथराव विचारायचे, ‘एन समाचार?’ आप्पा घाम पुसायचे आणि पावसाबद्दल बोलायचे. पाऊस नसला तरी. गोळीचं पाकीट मी मुद्दाम जोरात फाडायचे, त्यांना ऐकू जावं म्हणून. आत्या, माझे वडील मी लहान असताना वारले. कोणी माझ्यासाठी असं काही केलेलं मला आठवत नाही.

दसऱ्याच्या दिवशी डोकं खूप दुखत होतं. मी सांगणार नव्हते. सणाचा दिवस, हे पण घरी नाहीत, झोपले की बरं वाटेल असं वाटलं. पण आप्पा ‘बाळाला’ म्हणाले. तेव्हा मला समजलं की ते किती दिवस हा शब्द आत ठेवून आहेत, आणि माझी भीती एकदम गेली. बाळ फक्त माझी नव्हती, त्यांची पण होती.

काल घरी आल्यावर आप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले. कोण गेलं की खिडकी लावायचे, बाळाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. वनजाम्मा विचारून गेल्या, तर म्हणाले, टीव्ही चालू आहे. आज सकाळी मेसेज आला, लशीबद्दल होता. त्यांनी चष्मा लावून वाचला, ‘मला लस द्यायची आहे म्हणतात.’ अजून तसंच! अत्ते म्हणाल्या, ‘अहो, आता पुरे.’

मी बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. म्हटलं, ‘आप्पा, आता सांगा सगळ्यांना.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ‘खरंच सांगू?’ मी म्हटलं, ‘खरंच.’ पुन्हा म्हणाले, ‘चंदना, विचार कर. नंतर मला थांबवता येणार नाही.’ मी म्हटलं, ‘थांबवणार नाही.’ त्यांनी बाळाला अत्तेकडे दिलं. आत गेले, लग्नकार्याला घालतात तो कोट घातला, केस विंचरले. दारातून पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि गेले.

दुपारचे दोन वाजून गेले आहेत. जेवायला आले नाहीत. मघाशी शरत म्हणाले, बोलावून आणतो. मी म्हटलं, ‘नको, पोटभर सांगू दे.’

तुमची,
चंदना